इग्रा पॉझिटिव्ह आली, म्हणजे टीबी झाला का?

इग्रा या टीबीसाठीच्या रक्तचाचणीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की घरात पहिला प्रश्न हाच येतो. नुसत्या त्या रिपोर्टवरून 'हो' म्हणता येत नाही. टीबीचा जंतू कधीतरी शरीरात शिरला आणि पांढऱ्या पेशींनी त्याची ओळख धरून ठेवली, एवढंच त्यातून कळतं.

क्वांटिफेरॉन-प्लस या प्रकारात रक्त चार नळ्यांत घेतात. एक नळी कोरी, दोन नळ्यांत जंतूच्या प्रथिनांचे तुकडे, चौथीत पेशींना हमखास चेतवणारा पदार्थ. नळ्या ३७ अंशांवर १६ ते २४ तास ठेवतात. जंतू ओळखीचा असेल तर पेशी इंटरफेरॉन गॅमा हे संदेश देणारं प्रथिन सोडतात आणि ते मोजलं जातं. आता जंतू निपचित पडलेला असो की फुप्फुस पोखरत असो, ओळख दोन्हीकडे पटतेच. आकडा मोठा आला म्हणून आजार सक्रिय ठरत नाही. उलट प्रतिकारशक्ती फार खालावली असेल तर सक्रिय टीबी असूनही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते.

सुप्त टीबीत, म्हणजे जंतू निपचित असताना, त्रास काहीच नसतो आणि दुसऱ्याला लागणही होत नाही. उपचार न घेतल्यास अशा शंभरातल्या पाच ते दहा जणांना पुढे कधीतरी आजार होतो.

मग टीबी सुप्त की सक्रिय, हे रक्तावरून ओळखता येईल का? सीआरपी आणि ईएसआर हे रक्तातले दाह दाखवणारे आकडे सक्रिय टीबीत वाढतात खरे, पण ते कुठल्याही दाहात वाढतात. मला जास्त आशा वाटते ती जनुकांच्या खुणांची. सक्रिय टीबीत पांढऱ्या पेशींमधली, विशेषतः न्यूट्रोफिल या त्यांच्या एका प्रकारातली, इंटरफेरॉनशी निगडित जनुकं जागी झालेली दिसतात, हे २०१० मध्ये पुढे आलं. २०१६ मध्ये तर जीबीपी५, डीयूएसपी३ आणि केएलएफ२ या तीनच जनुकांवरून अंदाज बांधणारी पद्धत मांडली गेली. अडचण अशी की विषाणूंच्या तापातही इंटरफेरॉनची जनुकं जागी होतात. त्यामुळे या खुणा कुणाची पुढची तपासणी करायची ते सुचवतात. पक्कं निदान जंतू सापडल्यावरच होतं.

हा फरक चुकला तर औषध चुकतं. सुप्त टीबीला एक-दोन औषधं पुरतात, सक्रिय टीबीचा उपचार सहसा चार औषधांनी सुरू होतो. सक्रिय टीबीला सुप्त समजून आयसोनियाझिड हे एकच औषध दिलं, तर बहुतेक जंतू मरतात, पण त्याला न जुमानणारे थोडे उरतात आणि तेच वाढतात. म्हणून प्रतिबंधक गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टर खोकला, ताप, रात्रीचा घाम आणि घटलेलं वजन यांची चौकशी करतात, छातीचा एक्स-रे पाहतात आणि शंका आली तर बेडका तपासायला पाठवतात.