बारा बारचं आवर्तन आणि ताणलेला गंधार

कोल्हापुरात राजारामपुरीत गिटारच्या क्लासला येणारी मुलं आधी हिंदी गाण्यांचे कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे सूर, मागतात. मग कुणीतरी ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, ऐकून येतं आणि विचारतं, "सर, कॉर्ड तर तीनच, मग एवढं काळजाला का भिडतं?"

त्यासाठी अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या डेल्टापर्यंत, त्या कापसाच्या मुलखापर्यंत, जावं लागतं. १८६५ मध्ये अमेरिकेत गुलामगिरी कायद्यानं संपली, पण कृष्णवर्णीय कुटुंबं अर्धेलीनं कापूस पिकवत मालकाच्या कर्जातच राहिली. शेतात एकट्यानं घातलेली लांब साद आणि टोळीनं म्हटलेली कामाची गाणी, यांतून ब्लूज आला. शाहिराची ओळ झीलकरी उचलतात, तशी तिथं एकाची ओळ सगळे उचलत. पुढं झीलकऱ्याची जागा गिटारनं घेतली. चार बारची ओळ (एक बार म्हणजे चार मात्रा), तीच पुन्हा, मग तिसरी वेगळी, असे बारा बार. ओळ संपून उरलेल्या जागेत गिटारचं उत्तर.

गरिबाघरची पोरं भिंतीला खिळे ठोकून तार ताणत आणि तिच्यावर बाटली सरकवत वाजवायला शिकत. त्या सरकत्या सुरांचा आवाज १९३६-३७ मध्ये डेल्टातल्या रॉबर्ट जॉन्सन या गायक-गिटारवादकानं मुद्रित केलेल्या २९ गाण्यांतही ऐकू येतो. १९४३ मध्ये डेल्टातलाच गिटारवादक मडी वॉटर्स शिकागोला गेला, तिथल्या गोंगाटात गिटारला वीज जोडली गेली. पुढचा ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग, त्याला बाटलीची सरक जमेना, म्हणून त्यानं त्या सरकेतला कंप डाव्या हाताच्या बोटानं काढला. आपण आज शिकतो ते बरंचसं त्याचंच.

आता हातातली गोष्ट. ए हा षड्ज धरा. चार बार ए कॉर्ड, दोन डी, दोन ए, मग एकेक बार ई, डी, ए, आणि शेवटी ई, की पुन्हा समेवर. म्हणजे सा, म आणि प एवढंच. वर वाजणारे सूर सा, कोमल ग, म, प, कोमल नि. धानी रागाचेच, पण हा राग धानी नव्हे, कारण खाली वाजणाऱ्या ए सेव्हन कॉर्डमध्ये (ब्लूजमध्ये ए असा वाजतो) शुद्ध गंधार वाजत असतो. तिसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर कोमल गंधार आहे. तो दाबून तार किंचित ओढायची, शुद्धापर्यंत न्यायची नाही. त्या अधल्यामधल्या जागेत ती शेतातली साद आहे.

मिरजेच्या सतारीवर तार ओढून काढलेली मींड ज्यानं जवळून पाहिली आहे, त्याला हे लवकर कळतं. बाकीच्यांचं बोट ताकद लावतं आणि सूर पुढं निघून जातो. तेव्हा मी गिटार खाली ठेवायला लावतो आणि तो गंधार आधी गळ्यातून काढून घेतो.