कर्तव्ये फक्त बाकावरच्यांचीच नव्हेत

रविवारी कॅथलिक चर्चमध्ये मिस्सेच्या, म्हणजे सामूहिक उपासनेच्या, मध्यावर दानाची पिशवी बाकांमधून फिरू लागली की हात सवयीनेच खिशाकडे जातो. त्या सवयीमागे कॅनन लॉचे, म्हणजे चर्चच्या कायद्याचे, कलम २२२ आहे: चर्चच्या गरजा भागवायला हातभार लावा. त्याच कलमाचा दुसरा भाग मात्र पिशवीत मावणारा नाही. सामाजिक न्यायासाठी झटा आणि आपल्या मिळकतीतून गरिबांना मदत करा, असे तो सांगतो.

पूर्वी हा कायदा सामान्य श्रद्धाळूंना एवढे सांगत नव्हता. १२१५च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा पापनिवेदन आणि ईस्टरच्या सुमारास कम्युनियन (मिस्सेतला ख्रिस्तप्रसाद) घेणे बंधनकारक केले. चर्चच्या १९१७च्या कायदासंहितेत २,४१४ कलमे होती. प्रापंचिकांबद्दल, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या श्रद्धाळूंबद्दल, सर्वसाधारण अशी त्यांत जेमतेम दोन; प्रापंचिकांच्या विभागातली बाकीची त्यांच्या संघटनांविषयी. एकात धर्मगुरूंकडून आध्यात्मिक साहाय्य मिळवण्याचा हक्क, दुसऱ्यात धर्मगुरूंचा पोशाख घालायला मनाई. संपले!

बदल आला तो जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. चर्चविषयीच्या दस्तऐवजात आधी ‘देवाची प्रजा’ हे साऱ्या श्रद्धाळूंविषयीचे प्रकरण आणि मग बिशपांचे, असा क्रम लागला. हा क्रमच खरा निर्णय होता, असे मला वाटते. २१ नोव्हेंबर १९६४ला त्या दस्तऐवजावर शिक्कामोर्तब झाले आणि २ डिसेंबरला पोप सहावे पॉल आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस या कॅथलिक मेळाव्यासाठी मुंबईत उतरले. ओव्हलवर त्यांना पाहायला लोटलेल्या गर्दीत किती जणांना आपला दर्जा नुकताच बदलल्याचे ठाऊक असेल?

पुढे साऱ्या चर्चसाठी राज्यघटनेसारखा ‘मूलभूत कायदा’ करायचा घाट घातला गेला. तो बारगळला, पण त्यातली कर्तव्ये आणि हक्क १९८३च्या संहितेत कलम २०८ ते २२३ म्हणून आले. आपल्या राज्यघटनेत मूलभूत कर्तव्ये १९७६ साली मागाहून जोडली गेली. इथे मात्र शीर्षकातच कर्तव्ये आधी, हक्क नंतर. आणि ती बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाची, म्हणजे बिशपांचीसुद्धा. पोपना मानणाऱ्या, पण स्वतःची वेगळी परंपरा असलेल्या पौर्वात्य चर्चसाठीच्या १९९०च्या संहितेतही जवळपास हीच यादी आहे. कल्याणच्या सिरो-मलबार या मूळच्या केरळातल्या पौर्वात्य चर्चच्या लोकांना ती लागू होते.

यातले कलम २१२ मला सर्वांत रोचक वाटते. सुरुवातीला ते मेंढपाळांची, म्हणजे चर्चच्या धर्माधिकाऱ्यांची, आज्ञा पाळायला सांगते. पण पुढे म्हणते की, ज्याला विषयातले कळते त्याने चर्चच्या हिताबद्दलचे आपले मत त्यांच्यापुढे आदराने मांडावे. तो त्याचा हक्क आहे आणि कधीकधी कर्तव्यही. म्हणजे छताच्या दुरुस्तीचा हिशेब फादरांना विचारणारा पॅरिशमधला निवृत्त अकाउंटंट आगाऊ ठरत नाही.