गावच्या नळयोजनेचा आराखडा: पात्रता, कागदपत्रे आणि जलतंत्रात भरायची माहिती

जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गावांतर्गत नळयोजनेचा प्रस्ताव एकट्या घरमालकाने द्यायचा नसतो. १० ते १५ सदस्यांच्या पाणी समितीने, जिच्यात निम्म्या महिला असाव्यात, ग्रामकृती आराखडा तयार करून ग्रामसभेची मंजुरी घ्यावी आणि तो जिल्हा पाणी व स्वच्छता मिशनकडे पाठवावा.

ग्रामसभेचा ठराव, वाड्यावार घरांची यादी, उद्भवाच्या (पाण्याच्या स्रोताच्या) पाण्याचा तपासणी अहवाल, तसेच टाकीच्या जागेचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातील जमिनीच्या हक्काची नोंद) आणि सर्व्हे नकाशा हाताशी ठेवावा. जागा कोमुनिदादीची (गोव्यातील गावकऱ्यांच्या सामुदायिक जमीन-संस्थेची) असल्यास लेखी परवानगीचे काम सर्वांत आधी सुरू करावे, कारण टाकीला लागणारी सड्यावरची (डोंगरमाथ्याच्या सपाटीवरची) उंच जागा हवी तेव्हा बदलता येत नाही.

या सर्वांहून मोलाचा कागद माझ्या मते उंचीच्या मोजणीचा तक्ता आहे. आयआयटी मुंबईने विकसित केलेली ‘जलतंत्र’ ही मोफत प्रणाली फांद्यांप्रमाणे पसरणाऱ्या जाळ्यासाठी सर्वांत कमी खर्चाचे पाईपचे व्यास शोधून देते. त्यासाठी प्रत्येक जोडबिंदूची उंची व पाण्याची मागणी, पाईपची लांबी, बाजारात मिळणारे व्यास, त्यांचे प्रतिमीटर दर आणि पुरवठ्याचे तास भरावे लागतात. ६० घरे, घरटी ५ माणसे आणि दरडोई ५५ लिटर धरल्यास रोज १६,५०० लिटर पाणी लागते. ते ४ तासांत द्यायचे तर सेकंदाला सुमारे १.१५ लिटर प्रवाह हवा, आणि २ तासांत द्यायचे तर त्याच्या दुप्पट, म्हणजे पाईपही मोठा.

टाकीच्या तळाची उंची ६२ मीटर, शेवटच्या घराची ४८ मीटर आणि मधले अंतर १,४०० मीटर असेल, तर उंचीतल्या १४ मीटर फरकातून नळाशी ७ मीटर उंच पाण्याइतका दाब राखल्यावर पाईपमधील घर्षणासाठी ७ मीटरच, म्हणजे किलोमीटरला ५ मीटर उरतात. मोबाईलवरून घेतलेली उंची ५ मीटरने चुकली तरी हे गणित कोलमडते, म्हणून मोजणी ऑटो लेव्हल या उंची मोजायच्या सर्वेक्षण-उपकरणानेच करून घ्यावी, हे मी आग्रहाने सांगतो.

वळसे घालून पुन्हा जुळणारे जाळे असल्यास, किंवा तासागणिक दाब पाहायचा असल्यास, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची मोफत ‘ईपॅनेट’ प्रणाली वापरावी. प्रस्तावाला निकालाबरोबर भरलेल्या माहितीचा तक्ताही जोडावा, म्हणजे तपासणाऱ्या अभियंत्याला तेच गणित पुन्हा करून पाहता येईल. निविदेपूर्वी पाईपचे दर बदलले, तर नव्या दरांनी निकाल पुन्हा काढून जुना तक्ता बदलून घ्यावा.