चुकीची चित्रं काय सांगतात?

ऐकलेलं किती कळलं हे तपासायला मुलांना एक छोटा संवाद ऐकवला जातो.

"चेंडू कुठाय रे?"
"कपाटावर होता. पण आईने काढून टेबलाखाली ठेवलाय."

समोर चार चित्रं आहेत: चेंडू कपाटावर, कपाटात, टेबलावर आणि टेबलाखाली. योग्य चित्रावर बोट ठेवायचं, बस्स. वाचायचं नाही, लिहायचं नाही, सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचंही नाही. श्रवण आकलन तपासताना हे फार सोयीचं पडतं. लेखी उत्तर मागितलं की शुद्धलेखनही गुणांत मिसळतं आणि तोंडी विचारलं तर बुजरेपणा मिसळतो.

मात्र बरोबर चित्र निवडलेल्या मुलाबद्दल एका प्रश्नातून फारसं कळत नाही. त्याला समजलं असेल किंवा अंदाज लागला असेल. चार-चार चित्रांचे २० प्रश्न असले, तर काहीही न ऐकता बोट ठेवणाऱ्यालाही सरासरी ५ गुण मिळतात. चुकलेली उत्तरं जास्त बोलकी असतात. कपाटावर बोट ठेवणारा बहुधा पहिल्या जागेवरच थांबला. 'होता' आणि 'पण' त्याच्या हातून निसटले. टेबलावर बोट ठेवणाऱ्याला चेंडू हलवलाय हे कळलं, फक्त 'खाली' सुटलं. गुण दोघांनाही शून्य, पण शिकवायचं वेगळं. बरोबर चित्र काढणं त्यामानाने सोपं. चाचणी तयार करणाऱ्याचा कस लागतो तो उरलेल्या तिनांत.

ही पद्धत जुनी आहे. १९५९ सालच्या पीबॉडी या शब्दसंग्रह चाचणीत एकच शब्द उच्चारला जाई आणि मूल चारातलं एक चित्र दाखवी. १९८०च्या दशकात ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप यांनी तेच तंत्र वाक्यरचनेसाठी वापरलं: कोण कुणाला ढकलतंय, कोण कुणाच्या मागे आहे. संवाद त्याच्याही पुढे जातो, कारण अर्थ दोन माणसांत वाटलेला असतो.

"छत्री घेऊन जा."
"अगं, थांबला की आत्ताच!"

यात 'पाऊस' हा शब्दच नाही. तरी कोसळती सर, ओला रस्ता आणि कोरडं ऊन यांतून मुलाला ओला रस्ता निवडायचाय. मोठ्यांच्या मनात न उच्चारलेला शब्द इतक्या सहज येतो, की मुलाला इथे किती खटपट करावी लागते हे लक्षातच येत नाही.

मराठीत चाचणी बनवणाऱ्याला आणखी एक सापळा टाळावा लागतो. "मी आणते" म्हटलं की बोलणारी मुलगी आहे हे क्रियापदच सांगून टाकतं. चारांपैकी फक्त एकाच चित्रात मुलगी असेल, तर बाकी संवाद कळण्याची गरजच उरत नाही. कधी चित्रं किंवा प्रश्नच उत्तर फोडतात. ते पकडायचा उपाय मला फार आवडतो: काही मुलांना संवाद न ऐकवताच चित्रं आणि प्रश्न द्यायचे. चौथ्या हिश्श्याहून बरीच जास्त मुलं बरोबर आली, तर तो प्रश्न ऐकणं मोजतच नाही. सरळ काढून टाकावा.

एवढा खटाटोप कशासाठी? १९८६ मध्ये वाचनाचे अभ्यासक फिलिप गफ आणि विल्यम टन्मर यांनी मांडलं, की वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेचं आकलन. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य झाली की उत्तरही शून्य. धडा खडाखडा वाचणारं मूल म्हणूनच फसवतं. त्याची पहिली बाजू ऐकू येते, दुसरी झाकलेली राहते. पुढच्या इयत्तांत तर या दुसऱ्या बाजूचं वजन वाढत जातं.

निकाल हाती आल्यावर लगेच भाषेला दोष देऊ नये, कारण गोंगाटात बोलणं समजून घेणं मुलांना मोठ्यांपेक्षा जड जातं. लहान वयात कानाच्या पडद्यामागे पाणी साचून काही काळ कमी ऐकू येणं हेही सर्रास घडतं आणि मूल स्वतः ते सांगत नाही. कमी गुण मिळालेल्या मुलाला शांत खोलीत, जवळ बसवून, तशाच धाटणीचे दुसरे संवाद ऐकवावेत. तिथे उत्तरं सुधारली, तर जादा तासाला बसवण्याआधी वर्गातली त्याची जागा बदलावी आणि कान तपासून घ्यावेत.