चरबी गर्भाशयाशी बोलते, हे कळलं कसं?

वजन खूप घटलं की पाळी बंद होते आणि खूप वाढलं की गर्भ राहायला अडचण येते, हे डॉक्टर फार पूर्वीपासून पाहत आले आहेत. पण चरबीकडे बराच काळ फक्त ऊर्जेचा साठा म्हणूनच पाहिलं गेलं. 1974 मध्ये अमेरिकी संशोधक रोझ फ्रिश यांनी मांडलं की, पाळी सुरू व्हायला शरीरात साधारण 17 टक्के आणि ती नियमित राहायला सुमारे 22 टक्के चरबी लागते. या आकड्यांवर पुढे बरीच टीका झाली आणि ती रास्तही होती. तरी त्यांचा मूळ प्रश्न मोलाचा होता: चरबी किती आहे, हे शरीराला कळतं तरी कसं?

उत्तराचा धागा तोवर उंदरांमध्ये सापडला होता. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत 1949 साली अतोनात लठ्ठ उंदीर जन्माला आले. एका जनुकातल्या बिघाडामुळे ते सतत खात राहत, आणि त्यांच्या माद्यांना पिल्लं होत नसत. पुढे तिथेच लठ्ठ व मधुमेही उंदरांचा आणखी एक वाण मिळाला. तिथले संशोधक डग्लस कोलमन यांनी दोन-दोन उंदीर शस्त्रक्रियेने जोडून त्यांचा रक्तप्रवाह एक केला. मधुमेही उंदराला जोडलेला निरोगी उंदीर खाणं सोडून उपासमारीने मेला. पहिल्या वाणातला लठ्ठ उंदीर निरोगी उंदराला जोडला, तेव्हा मात्र तो कमी खाऊ लागला. कोलमन यांनी निष्कर्ष काढला की रक्तातून एक संदेश फिरतो. पहिल्या वाणाला तो तयार करता येत नाही आणि दुसऱ्याला तो ऐकू येत नाही. नुसत्या निरीक्षणातून इतकं नेमकं अनुमान क्वचितच पाहायला मिळतं.

तो संदेश हाती लागायला 1994 उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने पहिल्या वाणात बिघडलेला तो जनुक शोधला. त्यातून बनणारं प्रथिन, म्हणजे लेप्टिन, प्रामुख्याने मेदपेशी तयार करतात. चरबी ही अंतःस्रावी ग्रंथीही आहे, म्हणजे ती रक्तात संप्रेरकं सोडते, हे यानंतर सर्वमान्य झालं. चरबीची आणखी संप्रेरकंही मिळाली: 1995 मध्ये अडिपोनेक्टिन आणि 2001 मध्ये रेझिस्टिन सापडलं.

प्रजननाचा दुवा लगेचच जुळला. 1996 मध्ये वांझ लठ्ठ माद्यांना लेप्टिन टोचलं, तर त्या गाभण राहिल्या. नुसतं अन्न तोडून वजन उतरवलेल्या माद्यांमध्ये असं झालं नाही. म्हणजे अडचण लठ्ठपणाची नव्हती, संप्रेरकाच्या अभावाची होती. तेव्हा बहुतेकांनी हा परिणाम मेंदूमार्फत होतो असं धरलं: लेप्टिन मेंदूला ‘साठा पुरेसा आहे’ असं कळवतं आणि मेंदू बीजकोशांना कामाला लावतो. ते खरंच आहे, पण अर्धंच.

उरलेला भाग 2000 च्या आसपास पुढे आला. स्त्रियांच्या गर्भाशयाच्या अस्तरात लेप्टिनचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश टिपणारी प्रथिनं, सापडले. रुजण्याआधीच्या मानवी गर्भातही लेप्टिन आणि त्याचे रिसेप्टर दिसले. 2001 च्या एका प्रयोगात लेप्टिन नसलेल्या उंदीर माद्यांना ते वेगवेगळ्या दिवसांपर्यंत दिलं गेलं. मीलनानंतर लगेच थांबवलं तर गर्भ टिकत नसे. साधारण साडेसहाव्या दिवसापर्यंत दिलं, तर पुढची गर्भावस्था त्याशिवायही पार पडे. उंदराचा गर्भ चौथ्या-पाचव्या दिवशी गर्भाशयाला चिकटतो, म्हणजे गरज नेमकी रुजण्याच्या काळातली होती. मग 2005 मध्ये सामान्य माद्यांच्या गर्भाशयातच लेप्टिनचा रिसेप्टर अडवला, तर रुजणाऱ्या गर्भांची संख्या घटली. मला हाच प्रयोग सर्वांत बोलका वाटतो, कारण इथे मेंदूचा मार्ग मोकळा होता. अडवलं होतं फक्त गर्भाशय.

अडिपोनेक्टिनची चाल उलट आहे. चरबी वाढते तसं रक्तातलं लेप्टिन वाढतं, अडिपोनेक्टिन मात्र घटतं. त्याचे दोन रिसेप्टर 2003 मध्ये टोकियोत ओळखले गेले. गर्भ रुजण्याच्या सुमारास गर्भाशयाच्या अस्तरात ते वाढतात आणि तिथे अडिपोनेक्टिन दाह (इन्फ्लमेशन) आवरतं, असं 2006 मध्ये दिसलं. गर्भ रुजताना थोडा दाह लागतोच, पण तो हाताबाहेर जाऊन चालत नाही. लठ्ठपणात लेप्टिन भरपूर असूनही ऊती त्याला दाद देईनाशा होतात, शिवाय दाह आवरणारं संप्रेरकही कमी पडतं. वजन आणि गर्भधारणा यांतलं नातं आज अंशतः या दुहेरी बिघाडातून समजून घेतलं जातं.

उंदरावरून माणसावर थेट उडी मारणं मात्र धोक्याचं आहे. शरीरात चरबी जवळपास नसलेल्या, म्हणून लेप्टिनही अगदी कमी असलेल्या काही स्त्रियांना मुलं झाल्याची नोंद आहे. 1997 मध्ये मानवी वारही (प्लासेंटा) लेप्टिन बनवते, असं जपानी संशोधकांनी दाखवलं. म्हणजे स्त्रीच्या शरीरात या संदेशाचे स्रोत एकाहून जास्त आहेत. पाळी थांबलेल्या काही सडपातळ स्त्रियांना 2004 मध्ये तीन महिन्यांपर्यंत लेप्टिन दिलं, तेव्हा त्यांच्यातल्या काहींमध्ये बीज पुन्हा सुटू लागलं. पण ती करामत मेंदूच्या मार्गाची होती. स्त्रीच्या गर्भाशयातला लेप्टिनचा वाटा स्वतंत्रपणे मोजणं त्याहून कितीतरी अवघड आहे, कारण उंदराच्या गर्भाशयात केला तो प्रयोग गर्भवती स्त्रीवर करता येत नाही. म्हणून सध्याचं बरंचसं काम अस्तरातून घेतलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवूनच चालतं.