निवृत्तीचं नियोजन आणि 1 नोव्हेंबर 2005 ची रेघ

मराठवाड्यातल्या कुठल्याही तहसील कार्यालयात किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत आज शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोघांना निवृत्तीबद्दल विचारलं, तर दोन वेगळ्या चिंता ऐकायला मिळतात. एकाला काळजी असते की पेन्शन केस वेळेत नागपूरला जाईल का. दुसरा विचारतो, खात्यात आजवर जमलं किती आणि त्यातून महिन्याला येणार किती. दोघांचं काम एक, वेतनश्रेणी एक, कधीकधी वयातलं अंतरही दोन-तीन वर्षांचंच. फरक असतो तो नेमणुकीच्या तारखेचा: 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेल्याला ठरलेली पेन्शन, त्यानंतर लागलेल्याला खात्यात जमेल त्यावरची.

निजामी अमलात निवृत्तिवेतनाला वजीफा म्हणत. तो हाली शिक्क्यात, म्हणजे हैदराबाद संस्थानाच्या चलनात मिळे, दफ्तर उर्दूत असे आणि तारखा फसली, म्हणजे महसुली सनातल्या. 1948 चा पोलीस ॲक्शन, 1956 ची राज्य पुनर्रचना आणि 1960 चं महाराष्ट्र राज्य अशा तीन टप्प्यांत इथल्या नोकरदारांचं सरकार बदलत गेलं. पुनर्रचनेच्या कायद्यानं वर्ग झालेल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींना संरक्षण दिलं, त्यामुळे त्या पिढीची पेन्शन शाबूत राहिली. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि मराठवाड्यातला मोठा नोकरदारवर्ग, विशेषतः शिक्षक, त्यांच्याकडे गेला.

आज जिला ‘जुनी पेन्शन’ म्हणतात ती 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांनी बांधलेली आहे. त्याच वर्षी 17 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवर दिलेली बक्षिसी नाही, तो केलेल्या सेवेचा हक्क आहे. या चौकटीत निवृत्तीचं नियोजन म्हणजे मुख्यतः कागदांचं नियोजन. निवृत्तीच्या दोन वर्षं आधीपासून सेवापुस्तक तपासायचं, तुटलेल्या नोंदी जोडायच्या, नामनिर्देशन पाहायचं, वेतन पडताळणी करून घ्यायची. राज्य कर्मचाऱ्यांची प्रकरणं इथून नागपूरच्या महालेखापाल कार्यालयात जातात. खरी धडकी भरे ती पडताळणीत निघणाऱ्या, जादा दिलेल्या वेतनाच्या वसुलीची. वीस वर्षांपूर्वी कार्यालयानंच चुकीची वेतननिश्चिती केलेली, आणि पैसे उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) कापायचे. एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा मुदतीत उत्तीर्ण न झाल्याचं कारण दाखवून दिलेल्या वेतनवाढी परत घेण्याचे प्रसंगही असेच निवृत्तीच्या तोंडावर आले. 2014 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, तसंच निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात होणार असलेल्यांकडून अशी वसुली करता येणार नाही असं स्पष्ट केलं. तरीही सेवापुस्तक वेळेत पाहणं हाच खरा उपाय राहिला आहे.

जन्मतारखेचीही इथे एक गंमत नसलेली गोष्ट आहे. शाळेत नाव घालताना ज्यांची तारीख घरी कुणाला ठाऊक नव्हती त्यांना गुरुजींनी सरसकट 1 जून लावून टाकली. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून 31 मे रोजी एकेका कार्यालयात तीन-तीन निरोप समारंभ होतात. वार्षिक वेतनवाढीची तारीख बहुतेकांना जुलैची. 30 जूनला निवृत्त होणाऱ्याला पूर्ण वर्ष भरल्याबद्दल एक काल्पनिक वेतनवाढ धरून पेन्शन मिळावी, हे 2023 मध्ये न्यायालयात मान्य झालं. 31 मेच्या माणसाचं एका महिन्यानं हुकतं, आणि तो महिना त्यानं स्वतः निवडलेला नसतो.

त्या पिढीचे पैशाचे हिशेब मात्र सोपे होते. मुलीच्या लग्नाला भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढायची. उपदान, रजा रोखीकरण आणि अंशराशीकरणाचे (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतल्याचे) पैसे आले की लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरात घेतलेल्या प्लॉटवर घर उभं करायचं, उरलं तर गावाकडच्या शेतात विहीर नाहीतर बोअर. महिन्याची पेन्शन महागाई भत्त्यासह चालू राहणार हे गृहीत होतं. 2016 मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या सलग दुष्काळी वर्षांत कितीतरी घरांत घरातल्या निवृत्त गुरुजींची पेन्शन हेच खात्रीचं रोख उत्पन्न होतं. शेती करणारा भाऊ, शिकणारा पुतण्या, दवाखाना, सगळं त्यावर चाले. मराठवाड्यात पेन्शन एका माणसाची कधीच नसते, आणि पुढे झालेल्या निर्णयाचा घाव समजून घ्यायचा तर हे आधी ध्यानात घ्यायला हवं.

तो निर्णय 31 ऑक्टोबर 2005 चा. केंद्रानं 1 जानेवारी 2004 पासून नवी अंशदायी योजना आणली होती. तिच्या मागोमाग राज्यानं ठरवलं की 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर नेमणूक झालेल्यांना 1982 चे नियम लागू नाहीत. मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या 10 टक्के कर्मचाऱ्यानं भरायचे, तेवढेच सरकारनं. पेन्शनचा वाढता बोजा हे कारण दिलं गेलं आणि राज्याच्या तिजोरीची त्या वेळची अवस्था पाहता ते कारण खोटं नव्हतं. पण निर्णय घेतला गेला तो पैसे कुठे आणि कसे ठेवायचे याची व्यवस्था तयार नसताना. अनेकांची खाती उशिरा उघडली, काहींची कपात वर्षानुवर्षं सुरूच झाली नाही, काहींची झाली तर हिशेबाच्या चिठ्ठ्या जुळेनात. 2015 मध्ये ही योजना राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत विलीन झाली, तेव्हा जुने आकडे नव्या खात्यात नेण्याचा आणखी एक घोळ सुरू झाला. 2019 पासून सरकारचा वाटा 14 टक्के झाला खरा, पण मधल्या वर्षांत न गुंतलेल्या रकमेचा परतावा कोण भरून देणार, हा प्रश्न तसाच राहिला.

या रेघेनं आणखी एक गोष्ट काढून घेतली, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. नव्यांना भविष्य निर्वाह निधीच उरला नाही. म्हणजे मधल्या अडचणीला हात घालायची जुनी जागा गेली. मुलांची पुण्यातली फी असो की आईचं ऑपरेशन, बहुतेकदा आधार पतसंस्थेच्या कर्जाचा. नोकरीत असताना कर्मचारी वारला तर कुटुंबाचं काय, याचंही उत्तर सुरुवातीला नव्हतं. 2018 मध्ये दहा वर्षांच्या आत मृत्यू झाल्यास 10 लाखांचं सानुग्रह अनुदान आलं. कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान यायला 2023 उजाडलं. मधल्या काळात गेलेल्यांच्या घरच्यांनी काढलेली वर्षं कुठल्याच शासन निर्णयात मोजली गेलेली नाहीत.

सगळ्यात गुंतागुंतीची अवस्था विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांतल्या शिक्षकांची. मराठवाड्यात अशा शाळा खेड्यापाड्यांत उभ्या राहिल्या, कारण सरकारी शाळा तिथवर पोचत नव्हती. ‘कायम विनाअनुदानित’ मधला ‘कायम’ शब्द 2009 मध्ये निघाला, नंतर अनुदान वीस-वीस टक्क्यांनी येऊ लागलं. या शाळांतले काही शिक्षक 2005 च्या आधीपासून शिकवत होते, कित्येक वर्षं नावापुरत्या मानधनावर. पण त्यांची शाळा शंभर टक्के अनुदानावर आली ती 1 नोव्हेंबर 2005 नंतर. मग नेमणुकीची तारीख धरायची की अनुदानाची? शिक्षक म्हणतात नेमणुकीची. शासनानं बराच काळ अनुदानाची धरली आणि वाद न्यायालयांत गेला. वर्गात उभं राहिल्याचा दिवस हाच सेवेचा पहिला दिवस, यात खरं तर वादाला जागा नसावी. शाळेला अनुदान उशिरा मिळालं हा सरकारचा उशीर होता, शिक्षकाचा नव्हे.

2023 च्या मार्चमध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यभर संप झाला. 14 ते 20 मार्च असा तो आठवडाभर चालला. मराठवाड्यातल्या अनेक शाळा-कार्यालयांना कुलपं होती. अभ्यास समिती नेमली गेली. 2024 च्या सुरुवातीला सरकारनं एक पाऊल मागे घेतलं. ज्यांच्या पदाची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी निघाली होती पण नेमणूक नंतर झाली, त्यांना जुन्या योजनेचा एकवेळचा विकल्प मिळाला. भरती प्रक्रिया रेंगाळली म्हणून ज्यांची पेन्शन गेली होती त्यांच्यासाठी तो न्याय होता. त्यासाठी वीस वर्षांपूर्वीच्या जाहिरातीचा पुरावा हाताशी असणं मोलाचं ठरलं.

बाकीच्यांसाठी 2024 च्या मार्चमध्ये शेवटच्या वेतनाच्या 50 टक्के आणि महागाई वाढ देणारी सुधारित योजना जाहीर झाली. पुढे ऑगस्टमध्ये केंद्राच्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेलाही राज्य मंत्रिमंडळानं मान्यता दिली. केंद्राच्या योजनेत पूर्ण लाभासाठी 25 वर्षं सेवा लागते, दहा वर्षांवर किमान 10,000 रुपये. राज्यात निवृत्तीचं वय बहुतेकांना 58 आहे, केंद्रात 1998 पासून 60. पस्तिशीत नोकरी लागलेल्या मराठवाड्यातल्या उमेदवाराची सेवा 58 व्या वर्षी 23 वर्षंच भरते. बेकारीच्या काळात परीक्षा देत बसलेली वर्षं इथेही त्याच्याच नावावर खर्ची पडतात.

म्हणून 2005 नंतरच्या माणसाला निवृत्तीचा विचार नोकरीच्या पहिल्या वर्षीच करावा लागतो. समजा, खात्यात 10 लाख जमले. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेनुसार 40 टक्के, म्हणजे 4 लाख, वार्षिकीत, म्हणजे नियमित पेन्शन देणाऱ्या विमा योजनेत जातात. सहा टक्के दरानं त्याचे वर्षाला 24,000, महिन्याला 2,000 रुपये. हेच गणित त्याला आधीच्या पिढीनं कधी शिकवलं नाही, कारण तिला ते करावं लागलं नव्हतं. कपात दर महिन्याला खात्यात पडते का, सरकारचा वाटा जमा होतो का, नामनिर्देशन झालंय का, हे वर्षातून एकदा तरी उताऱ्यावर तपासणं आणि विकल्प देण्याआधी स्वतःची सेवेची वर्षं मोजणं, एवढं त्याच्या हातात आहे. अंशतः अनुदानित शाळांतल्या शिक्षकांना मात्र ही वर्षं कुठल्या तारखेपासून मोजायची याचं सरळ उत्तर मिळालेलं नाही, आणि त्यांच्यातले काही जण तेवढ्यात निवृत्तही झाले आहेत.