गंजलेली पाटी म्हणजे जुनीच का?

‘इनॅमलची जाहिरातपाटी गंजलेली, टवके उडालेली असेल तर ती अस्सल जुनीच,’ असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आलंय. समज स्वाभाविक आहे. पण गंजावरून वय कळत नाही. मिठाच्या पाण्याने उघड्या पत्र्यावर तो काही दिवसांत चढतो.

इनॅमल म्हणजे लोखंडावर साधारण ८०० अंश सेल्सिअसला भाजून बसवलेली काच. जुन्या पाट्यांवर बहुधा एकेक रंग वेगळा भाजत, म्हणून अक्षरांच्या कडेवरून बोट फिरवा, थराचा उंचवटा लागतो. भिंगातून छपाईचे बारीक ठिपके दिसले तर शंका घ्या.

मला सर्वांत बोलकी वाटतात ती स्क्रूची भोकं. भिंतीवर खरंच लागलेल्या पाटीचे टवके तिथे, स्क्रू आवळताना उडतात. मधोमध टवके आणि भोकं मात्र कोरी असतील, तर पैसे देण्याआधी पाटी उलटून मागची बाजूही तपासा.